आधी शाळा, मग घर

अमेरिकेतल्या मराठी माणसाला "घर कुठे घेतलंस?" असं विचारलं, की तो गावाचं नाव सांगतो आणि लगेच "स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं आहे" अशी पुस्ती जोडतो. दुबईतल्या मराठी माणसाला हाच प्रश्न विचारून बघा. तो म्हणेल, "मुलं अमुक शाळेत आहेत ना, म्हणून करामात राहतो." किंवा, "शाळा दुबईत आहे, पण घर शारजात घेतलंय." ऐकायला दोन्ही उत्तरं सारखीच वाटतात. प्रत्यक्षात ती एकमेकांच्या उलटी आहेत. एका देशात घर शाळा ठरवतं, दुसऱ्या देशात शाळा घर ठरवते. हे असं का झालं, आणि "कोणती शाळा चांगली?" या प्रश्नाला आकड्यांचं उत्तर इथे कधीपासून मिळायला लागलं, त्याची ही हकिकत.

आधी अमेरिकेचं थोडक्यात बघू, कारण आपल्याकडच्या बहुतेकांना तेच चित्र माहीत असतं. व्हर्जिनियातली फेअरफॅक्स काउंटी घ्या, नाहीतर मेरीलँडमधली माँटगोमेरी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिथल्या सार्वजनिक शाळा काउंटी चालवते. फी नसते, खर्चाचा मोठा भाग घरपट्टीतून निघतो. प्रत्येक शाळेची हद्द नकाशावर आखलेली असते आणि तुमचा पत्ता कोणत्या रेषेच्या आत पडतो यावर मुलाची शाळा ठरते. १९९८ साली ग्रेटस्कूल्स ही संस्था निघाली आणि शाळांची माहिती घरबसल्या मिळू लागली. जानेवारी २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही झाली. तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन आणि गणिताची चाचणी दरवर्षी घ्यायची आणि शाळावार निकाल जाहीर करायचे, हे त्याने सगळ्या राज्यांना बंधनकारक केलं. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ सालीच बॉस्टनच्या उपनगरांतली घरं तपासली होती. हद्दीच्या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची, म्हणजे एकाच वस्तीतली पण वेगवेगळ्या शाळांना जोडलेली. निष्कर्ष असा निघाला, की शाळेचे गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात. शाळा फुकट असते हे खरं, पण तिची किंमत घराच्या किमतीत मिसळलेली असते.

यूएईमध्ये यातलं काहीच लागू पडत नाही. इथल्या सरकारी शाळा अरबी माध्यमाच्या आणि मुख्यतः इथल्या नागरिकांच्या मुलांसाठी. बाहेरून आलेल्यांची मुलं खासगी शाळांत जातात, तिथे फी भरावी लागते आणि प्रवेशाला पत्त्याची हद्द नसते. तुम्ही अल कुसैसमध्ये राहा नाहीतर जबल अलीला, जागा मिळाली आणि फी परवडली की शाळा तुमची. शिवाय घरभाड्याचा करार एका वर्षाचा, व्हिसा दोन-तीन वर्षांचा आणि शाळा मात्र केजीपासून बारावीपर्यंत चौदा वर्षांची. ज्या गोष्टीला चौदा वर्षं टिकायचंय ती आधी ठरवायची आणि वर्षावर्षाला बदलता येणारी नंतर, हे कुठल्याही शहाण्या माणसाला सुचेल.

या व्यवस्थेची मुळं तेलाच्याही आधीची आहेत. दुबईच्या देरा भागात, अल रास इथे, अल अहमदिया नावाची शाळा १९१२ साली मोत्यांच्या एका व्यापाऱ्याच्या पैशावर उभी राहिली. तिची इमारत अजून आहे, आत म्युझियम केलंय. म्हणजे या गावात शाळा काढणं हे व्यापाऱ्यांचं काम होतं, सरकार नावाची गोष्ट त्यात पुष्कळ उशिरा आली. आपली मंडळी तेव्हाही इथे होती. व्यवहार रुपयात चालायचा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा 'गल्फ रुपया' छापला, कारण सोन्याच्या चोरट्या व्यापारातून भारताचं परकीय चलन वाहून जात होतं. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि इथल्या राज्यांनी एकेक करून रुपया सोडला. आजचा दिरहॅम आला १९७३ साली, देश स्थापन झाल्यावर दोन वर्षांनी.

या रुपयाच्या काळातच भारतीय शाळांचा पाया पडला. दुबईतलं द इंडियन हायस्कूल १९६१ सालचं. तेव्हा दुबईत तेल सापडलेलंही नव्हतं. ते सापडलं १९६६ ला आणि निर्यात सुरू झाली १९६९ ला. शेख रशीद यांनी ऊद मेथा भागात शाळेला जमीन दिली. शाळा समाजाने चालवलेली, नफा न काढणारी. १९५९ साली केरळमधून के. एस. वर्की आणि मरियम्मा वर्की हे शिक्षक दांपत्य दुबईत आलं. त्यांनी आधी स्थानिकांना इंग्रजी शिकवलं आणि १९६८ मध्ये अवर ओन इंग्लिश हायस्कूल काढलं. त्यांचे चिरंजीव सनी वर्की यांनी १९८० पासून तो कारभार वाढवत नेला आणि २००० साली जेम्स ही कंपनी उभी केली. आज ती जगातल्या मोठ्या खासगी शाळा-कंपन्यांपैकी एक आहे. अबू धाबीत अबू धाबी इंडियन स्कूल १९७५ ला निघालं, शारजा इंडियन स्कूल १९७९ ला. समाजाची शाळा आणि कंपनीची शाळा, असे दोन प्रवाह इथे सुरुवातीपासूनच शेजारी शेजारी वाहत आलेत.

आता दुबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. खाडीच्या बर दुबईच्या अंगाला मीना बाजार, त्याच्या मागे करामा, त्याला लागून ऊद मेथा. इंडियन हायस्कूल, सेंट मेरीज ही कॅथलिक शाळा, चर्च, इंडिया क्लब, सगळं या एका पट्ट्यात. भारतीय कुटुंबं करामात दाटीवाटीने का राहिली, याचं एक उत्तर भाजी आणि किराणा हे आहे, आणि दुसरं शाळा. घरापासून शाळा दहा मिनिटांवर असेल तर आई मुलाला सोडून येऊ शकते, आणि बाईला गाडी चालवता येत नसली तरी संसार अडत नाही. मुंबईत गिरगाव-दादरला मराठी शाळांभोवती जसे चाळींचे संसार होते, त्यातलाच हा प्रकार.

त्या काळात शाळेची पारख कशी व्हायची? दोन साधनं होती. पहिलं म्हणजे ओळखीच्यांचं मत. "आमचा तिथेच शिकला, इंजिनिअर झाला," एवढं पुरायचं. दुसरं म्हणजे बोर्डाचा निकाल. सीबीएसईचा दहावी-बारावीचा निकाल लागला, की दुसऱ्या दिवशी इंग्रजी पेपरांत शाळांच्या जाहिराती यायच्या. शंभर टक्के निकाल, इतक्या मुलांना नव्वदच्या वर, हसऱ्या मुलांचे पासपोर्ट साइज फोटो. पुण्या-मुंबईत क्लासवाल्यांचे फलक लागतात तसंच.

या आकड्यात एक मेख आहे. शंभर टक्के निकाल म्हणजे जितकी मुलं परीक्षेला *बसली* तितकी पास झाली. नववीत किती जणांना "दुसरी शाळा बघा" असं सुचवलं गेलं, ते त्यात येत नाही. शाळेत शिरताना मुलं कुठल्या घरची आणि कुठल्या तयारीची होती, तेही येत नाही. बाहेरच्या शिकवणीचा वाटा किती, तेही नाही. आम्ही इंजिनिअर लोक म्हणतो, की नुसतं आउटपुट मोजून यंत्राची क्षमता कळत नाही, इनपुटही बघावं लागतं. बोर्डाचा निकाल आलेल्या मुलांबद्दल सांगतो, शाळेने त्यात काय भर घातली ते सांगत नाही. पण दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून तोच चालायचा. आणि खरं तर फार वेळा प्रश्न "चांगली कोणती?" हा नसायचाच. "जागा कुठे आहे?" हा असायचा.

चित्र बदललं ते २००६ नंतर. त्या वर्षी दुबई सरकारने ज्ञान आणि मानव विकास प्राधिकरण स्थापन केलं. इथे सगळे त्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांनी, केएचडीए म्हणूनच ओळखतात. २००७ मध्ये दुबईने टिम्स या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणीत भाग घेतला. म्हणजे जगाच्या तुलनेत आपण कुठे आहोत हे मोजून घ्यायची तयारी दाखवली. पुढे २००९ च्या पिसा चाचणीतही दुबईने खासगी शाळांसकट भाग घेतला. त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात भारतातून तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं उतरली होती. ती ७४ सहभागींमध्ये तळाशी आली आणि भारताने पुढच्या फेऱ्यांमधून अंग काढून घेतलं. आरशात चेहरा आवडला नाही म्हणून आरसा परत करायचा, की चेहऱ्याचं काही बघायचं, हे दोन वेगळे रस्ते त्या वेळी स्पष्ट दिसले.

केएचडीएच्या हाताखाली शाळा तपासणीचा विभाग निघाला आणि २००८-०९ या शैक्षणिक वर्षात दुबईतल्या शाळांच्या तपासण्या सुरू झाल्या. पद्धत ब्रिटनच्या ऑफस्टेडच्या वळणाची. तपासनीसांचं पथक काही दिवस शाळेत मुक्काम ठोकतं, वर्गात मागे बसतं, वह्या बघतं, मुलांशी बोलतं, पालकांकडून प्रश्नावली भरून घेतं. मग अहवाल. सुरुवातीला श्रेणी चारच होत्या: आउटस्टँडिंग, गुड, अ‍ॅक्सेप्टेबल आणि अनसॅटिस्फॅक्टरी. २०१५-१६ पासून सगळ्या देशासाठी एकच चौकट आली आणि श्रेणी सहा झाल्या. व्हेरी गुड वाढली, आणि खालच्या टोकाला वीक आणि व्हेरी वीक आल्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अहवाल संकेतस्थळावर जाहीर होऊ लागले. कुणीही उघडावा, वाचावा.

तपासनीस ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात १८५५ पासून शिक्षण खातं आलं आणि त्याबरोबर गावोगाव फिरणारा दिपोटी आला. दिपोटी येणार म्हटल्यावर शाळा सारवायची, हुशार मुलांना पुढच्या रांगेत बसवायचं, हे आपल्या पणजोबांनी केलेलं आहे. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी या तपासणीवरच बोट ठेवलं होतं. वर्षातून एकदा येऊन जाणाऱ्या दिपोटीचा फारसा उपयोग नाही, निदान तिमाहीला तपासणी व्हावी, आणि कधी कधी आगाऊ वर्दी न देता शाळेत जावं, असं त्यांचं म्हणणं होतं. दुबईतली तपासणी वर्षाला एकदा आणि आधी कळवूनच होत आली. तेव्हा फुल्यांचा आक्षेप सव्वाशे वर्षांनंतरही तसाच उभा राहतो. फरक एकच आणि तो मोठा आहे. दिपोटीचा शेरा खात्याच्या फायलीत जायचा, गावातल्या पालकांना तो कधी दिसायचा नाही. इथे शेरा पालकाच्या हातात आला.

भारतीय शाळांना हा शेरा सुरुवातीला झोंबला. बोर्डात शंभर टक्के निकाल लावणारी शाळा 'अ‍ॅक्सेप्टेबल'? पण चौकट बघितली की कोडं सुटतं. परीक्षेचे गुण हा तिचा एक भाग. त्याशिवाय मुलांचा व्यक्तिगत विकास, शिकवण्याची आणि मूल्यमापनाची पद्धत, अभ्यासक्रम, मुलांची सुरक्षा आणि काळजी, शाळेचं नेतृत्व, हे सगळं तपासलं जातं. अरबी भाषा आणि मुस्लिम मुलांसाठी इस्लामी शिक्षण यांना स्वतंत्र श्रेणी मिळते. केजीतली मुलं रांगेत बसून पाठ करतात की हाताने काही करून बघतात, वर्गात प्रश्न फक्त शिक्षकच विचारतात की मुलंही, अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाकडे कुणी लक्ष देतं का, असल्या गोष्टी तिथे लिहिलेल्या असतात. आपल्याला घोकंपट्टीची इतकी सवय, की ती दोष म्हणून छापून आल्यावर धक्का बसला.

या श्रेणीला पैशाचं शेपूटही जोडलं गेलं. २०१२ च्या शुल्क नियमांनुसार सरकार दरवर्षी शिक्षणाच्या खर्चाचा निर्देशांक काढतं. आउटस्टँडिंग शाळेला त्याच्या दुप्पट फीवाढ करता यायची, गुड शाळेला दीडपट आणि त्याखालच्यांना निर्देशांकाइतकीच. पुढे २०१८-१९ साठी फीवाढ पूर्ण गोठवली गेली आणि नियमही बदलले, पण धडा राहिला. आपल्याकडे मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात शाळांचं अनुदान मुलांच्या परीक्षेतल्या निकालावर ठरायचं. इथे फी तपासणीच्या निकालावर ठरू लागली. शाळा सुधारावी म्हणून दिलेलं हे गाजर. पण पालकाच्या बाजूने बघा. तुमच्या मुलाची शाळा वरच्या श्रेणीत गेली की पेढे वाटायचे आणि पुढच्या वर्षी जास्त फी भरायची तयारी ठेवायची!

आता घराकडे येऊ. २००२ पासून परदेशी लोकांना दुबईत ठरावीक भागांत घरं विकत घ्यायची मुभा मिळाली आणि शहर खाडीपासून जबल अलीच्या दिशेने धावत सुटलं. भाडी इतकी चढली, की २००५ च्या अखेरीस सरकारने भाडेवाढीवर १५ टक्क्यांची मर्यादा घातली, २००७ साठी ती ७ वर आणि २००८ साठी ५ वर आणली. मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबांनी त्यावर जुनाच तोडगा काढला: शारजाला राहायचं. भाडं कमी, बिऱ्हाड मोठं, पण रोज अल इत्तिहाद रोडवरची ती कुप्रसिद्ध कोंडी. जुलै २००७ मध्ये दुबईत सालिक हा टोल आला, तेव्हा एका कमानीला ४ दिरहॅम. २०१३ साली शारजाच्या वाटेवर अल ममझरलाही कमान उभी राहिली. जानेवारी २०२५ च्या अखेरीपासून गर्दीच्या वेळी हाच टोल ६ दिरहॅम झाला.

आणि इथे आकड्यांची गंमत सुरू होते. दुबईच्या शाळांचे अहवाल २००९ पासून उपलब्ध. शारजा ही वेगळी अमिरात, तिचा कारभार वेगळा. शारजाचं खासगी शिक्षण प्राधिकरण २०१८ साली निघालं आणि 'इत्कान' नावाने तिथल्या शाळांची तपासणी सुरू झाली ती २०२२-२३ मध्ये. म्हणजे मधली तेरा-चौदा वर्षं रस्त्याच्या या बाजूच्या शाळेबद्दल तीस-चाळीस पानांचा अहवाल होता आणि त्या बाजूच्या शाळेबद्दल ओळखीच्यांचं मत. माणसाचा स्वभाव असा, की ज्याचा कागद आहे त्यावर विश्वास बसतो. शारजाची शाळा वाईट असते असं नाही, तिच्याबद्दल छापील काही नव्हतं इतकंच. पण तेवढ्यानेही अनेकांनी घर शारजाला आणि शाळा दुबईला अशी जोडी जमवली. पहाटे साडेपाचला उठून सहाच्या बसला उभी राहणारी, डोळ्यांत झोप असलेली मुलं ही त्या जोडीची किंमत.

अबू धाबीची गोष्ट निराळी. तिथे 'इर्तिका' नावाची तपासणी होतीच, पण त्याहून मोठा घाव घातला तो इमारतींच्या नियमांनी. बऱ्याच स्वस्त शाळा राहत्या बंगल्यांत भरायच्या, त्यांना 'व्हिला स्कूल' म्हणत. आग, गर्दी, खेळायला जागा नाही, या कारणांनी अबू धाबीने २०१३ च्या आसपासपर्यंत त्या टप्प्याटप्प्याने बंद करत आणल्या. कारण रास्तच होतं. पण स्वस्त शाळा गेली, आणि नवी शाळा शहराबाहेर मुसफ्फाला किंवा बनियासला, तर कुटुंबाने काय करायचं? काहींनी घर बदललं, काहींनी गाव.

एक हिशोब मांडून बघू. आकडे समजुतीपुरते, माझ्या मनचे. समजा शारजाचं घर वर्षाला २०,००० दिरहॅम स्वस्त पडतं. दुबईतल्या वरच्या श्रेणीच्या शाळेची फी साध्या शाळेपेक्षा मुलामागे ८,००० ने जास्त आहे. मुलं दोन, म्हणजे १६,०००. उरलेले ४,००० लांबच्या बसला आणि टोलला गेले. म्हणजे पैशात जमा-खर्च शून्य, शाळा मात्र वरची. कागदावर सौदा फायद्याचा! आता वेळ मांडा. बापाचे रोज दोन तास जास्त, वर्षाला २४० दिवस, म्हणजे ४८० तास. पुरे वीस दिवस आणि वीस रात्री गाडीत. मुलांचा रोज एक तास, १८० दिवसांचे १८० तास प्रत्येकी. अहवालात श्रेणी छापतात, हे तास कुणी छापत नाही. वरच्या श्रेणीच्या शाळेतून पेंगुळलेलं मूल संध्याकाळी घरी येणार असेल, तर त्या श्रेणीचा किती भाग घरापर्यंत पोचतो, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

म्हणून अहवाल वाचायची एक रीत सांगतो. पहिल्या पानावरचा एक शब्द वाचून मिटू नका. आत विषयवार आणि टप्प्यावार तक्ता असतो: केजी, प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक. तुमचं मूल दुसरीत असेल तर बारावीचं भौतिकशास्त्र आउटस्टँडिंग असून तुम्हाला काय उपयोग? प्राथमिकच्या इंग्रजी-गणिताचा रकाना बघा. मग मागच्या तीन-चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. गुडवर सतत टिकलेली शाळा आणि वरखाली होणारी शाळा यांत फरक असतो. एका शिक्षकामागे मुलं किती आणि वर्षाला किती शिक्षक सोडून जातात, हे दोन आकडे मला सगळ्यात बोलके वाटतात. ते पानाच्या कोपऱ्यात असतात. शेवटी 'पुढे काय सुधारायचं' हा भाग वाचा. तोच मुद्दा दरवर्षी पुन्हा येत असेल तर शाळा ऐकत नाही, हे समजून घ्या.

पण या साऱ्या माहितीचा उपयोग कुणाला? २०२३-२४ मध्ये दुबईतल्या २०९ खासगी शाळांची तपासणी झाली. २३ आउटस्टँडिंग, ४८ व्हेरी गुड, ८५ गुड, ५१ अ‍ॅक्सेप्टेबल आणि २ वीक. ८१ टक्के मुलं गुड किंवा त्याहून वरच्या शाळांत होती. प्रगती आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण वरची श्रेणी आणि वरची फी बऱ्याचदा हातात हात घालून चालतात. दुबईच्या खासगी शाळांतली सुमारे चौथा हिस्सा मुलं भारतीय अभ्यासक्रमाची, आणि स्वस्त शाळांत आपली गर्दी मोठी. ज्याच्या पगारात स्वस्तातली शाळाच बसते, त्याने श्रेण्यांचा तक्ता कितीही बारकाईने वाचला तरी त्याची निवड फीच्या रकान्यातच संपते.

त्याच्याही खाली एक पायरी आहे. कुटुंबाला व्हिसा मिळायला इथे किमान पगार लागतो. २०१९ च्या नियमांनुसार ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहायची जागा. लेबर कॅम्पात राहणाऱ्या, बांधकामावरच्या माणसापुढे कोणती शाळा आणि कुठे घर हा प्रश्न येतच नाही. त्याची मुलं गावाकडच्या शाळेत असतात आणि फी मनी ऑर्डरच्या नव्या अवताराने जाते. मधल्या पगाराच्या माणसाचं काय होतं? मूल पाचवी-सहावीत गेलं की फी वाढते, भाडं वाढतं, आणि एका एप्रिलमध्ये बायको आणि मुलं पुण्याला किंवा सांगलीला परत जातात. बाप इथे चौघांत खोली वाटून राहतो. आखातातल्या कितीतरी भारतीय कुटुंबांचा 'कुठे राहायचं' हा निर्णय प्रत्यक्षात 'एकत्र राहायचं की नाही' असा असतो. आणि तो बहुतेक वेळा शाळेच्या फीच्या कागदावर होतो.

अलीकडे इथल्या आकड्यांची धारही जरा कमी झाली आहे. करोनामुळे २०२० ते २०२२ पूर्ण तपासण्या थांबल्या, मग दोन वर्षं झाल्या, आणि २०२४-२५ साठी केएचडीएने पुन्हा पूर्ण तपासण्या न करायचं ठरवलं. ज्या ऑफस्टेडच्या वळणावर हे सगळं उभं राहिलं, त्यानेही इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना एका शब्दात श्रेणी देणं सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केलं. एका मुख्याध्यापिकेने तपासणीच्या ताणानंतर आत्महत्या केली होती, आणि एका शब्दात शाळा मावत नाही, ही शिक्षकांची तक्रार शेवटी ऐकली गेली. तेव्हा आज दुबईत शाळा शोधणाऱ्याने अहवालावरची तारीख आधी बघावी. मुख्याध्यापक बदलले असतील, निम्मे शिक्षक गेले असतील, आणि श्रेणी मात्र जुनीच लटकलेली असेल.

आणि महाराष्ट्रात? आपल्याकडे आकडे नाहीत असं मुळीच नाही. यू-डायसमध्ये शाळेच्या खोल्या, स्वच्छतागृहं, शिक्षक, पटसंख्या सगळं मिळतं, पण मुलांना वाचता येतं का ते मिळत नाही. 'प्रथम'चा असर अहवाल २००५ पासून नेमकं तेच सांगतो, पण जिल्ह्याच्या पातळीवर आणि ग्रामीण भागापुरतं. त्यातून तुमच्या कोपऱ्यावरची शाळा कळत नाही. २०१५ पासूनची शाळासिद्धी मुख्यतः शाळेने स्वतःच स्वतःला तपासण्यावर उभी आहे. वर्गात मागे बसून लिहिलेला, पालकाला वाचता येईल असा अहवाल यात कुठेच नाही. घराच्या जाहिरातीत "नामांकित शाळा पाच मिनिटांवर" असं लिहिलेलं असतं, पण ती कशासाठी नामांकित आहे ते विचारायचं नसतं!

पत्त्याचं महत्त्व मात्र आपल्याकडेही आलं आहे, वेगळ्या दाराने. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आणि त्यात घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा नियम काढला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या पाच महिन्यांत धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी बायकांच्या मुलांची शाळा, नकाशावरच्या एका किलोमीटरच्या वर्तुळावर टांगलेली होती. काउंटीची रेषा, अमिरातीची सीमा आणि हे वर्तुळ, तिन्ही शेवटी एकाच जातीची.

असो. तुमच्या ओळखीचं कुणी दुबई-शारजाला यायला निघालं असेल, आणि मुलं शाळेत जाणारी असतील, तर त्याला एवढंच सांगा. नोकरीच्या पत्रात फीचा भत्ता आहे का ते आधी बघ, मग शाळेत जागा आहे का ते विचार, अहवाल तारखेसकट वाच, आणि घर सगळ्यात शेवटी बघ. आणि घर ठरवण्याआधी एकदा सकाळी सहा वाजता त्या रस्त्यावर जाऊन उभा राहा. शाळेच्या बसमधली मुलं जागी आहेत की झोपलेली, ते काचेतून दिसतं.